पंच्यात अडकलेला समुद्र

आमच्या धायरीच्या घरी समुद्र एकदा दोन दिवसांच्या मुक्कामाला आला होता. मी तो गाळून टाकला.

आणला होता नातीनं, काचेच्या बरणीत. प्राजक्ता समुद्रातल्या शेवाळातून औषध शोधते. (शेवाळ म्हटलं की चिडते. "आबा, जिवाणू आहेत ते, उजेडावर जगणारे!" मी विहिरी उपसण्यात जन्म काढला, हिरवं आणि बुळबुळीत म्हणजे शेवाळच!) कोकणातल्या खडकावरून खरवडून आणलेलं, वर्षभर जपलेलं. लॅबमधलं बाकीचं सगळं मेलं होतं. जिवंत उरली ही एकच बरणी. आणि लॅबमध्ये दुरुस्ती निघाली, म्हणून ती आमच्या खिडकीत.

"आबा, प्लीज, हात लावू नका हं!" सांगून ती बाहेर गेली.

हात नाही लावला. नुसतं बोट बुडवून चाखलं. थू! निव्वळ मीठ!

"अगं, पोरगी पिकाला खारं पाणी पाजतीय!" मी बायकोला हाक मारली.

"तिला कळतंय. तुमी गप बसा!" ती स्वयंपाकघरातून.

मला गप बसवणारा अजून जन्मायचा आहे! खाऱ्या पाण्यानं ऊस जळतो, हे तर बारीकसं शेवाळ. खांद्यावरच्या पंच्यातून बरणी गाळली. खारं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं (वाया कशाला घालवा!). हिरवं खरवडून परत बरणीत, वर बोअरचं गोडं पाणी, आणि चिमूटभर युरिया. ओला पंचा डोक्यावर घेऊन निवांत बसलो.

दुपार कलताना प्राजक्ता आली. बरणीतलं पाणी निळंशार!

"बघ, कसा रंग धरलाय!"

"आबा, मेलंय ते! फुटून रंग बाहेर आलाय! माझं सगळं वर्ष गेलं!" पोरगी मटकन खाली बसली.

आता मात्र मी गप बसलो. तेवढ्यात बायको आली. "अवो, कढीपत्त्यानं मान का टाकलीय? आन् तुमच्या डोक्यावर हिरवं काय लागलंय?"

प्राजक्ता ताडकन उठली. "आबा, हलू नका! मानसुद्धा नाही!" तिनं पंच्याचं टोक जिभेला लावलं. (माझीच नात!) "ओला आहे, खारट आहे! जिवंत असेल!" पंचा डब्यात कोंबून ती स्कूटरवरून लॅबकडे सुटलीसुद्धा.

जगलं ते! पंच्याच्या सुताला धरून बरणीतल्यापेक्षा जोमानं वाढलं.

मी चौथीत शाळा सोडली. माझा पंचा मात्र अजून लॅबमध्येच आहे, एसीत. परवा परत मागितला, तर प्राजक्ता म्हणाली, "आबा, त्याचं तिथं काम आहे. तुम्ही घरीच बसा."