वर कोण आलंय?

हिमाचलात मी अडीच वर्षं काढली. एका धरणाच्या कामावर छोटा दवाखाना होता, तिथं नर्स म्हणून. बोगद्यात काम करणारी माणसं खोकला, ठेचलेली बोटं, धुळीनं लाल झालेले डोळे घेऊन यायची. मी निघाले तेव्हा मैत्रीण म्हणाली होती, "लोकं हनिमूनला जातात तिथं, अन् तू पगार घेऊन चालली."

माझं गाव कुंभार पिंपळगाव. तिथं माळवदावर उभं राहिलं की पाण्याच्या टाकीशिवाय नजरेला काही आडवं येत नाही. हिमाचलात खिडकी उघडली की समोर डोंगर, मागच्या दारी गेलं की डोंगर. आभाळ म्हणजे वर उरलेली एक पट्टी. थंडीत दुपारी अडीचलाच सूर्य डोंगराआड जायचा. मग उजेड असायचा, ऊन नसायचं. ते दोन-तीन तास मला सगळ्यात अवघड जायचे.

घरमालकीण साठीच्या पुढची. नवरा वारलेला, मुलगा दिल्लीला. ती खाली राहायची, मी वर. मी तिला अम्मा म्हणायचे. तिला हिंदी जेमतेम यायची आणि माझी हिंदी आपल्या जालन्याची. "मेरेकू पानी होना" म्हटलं की ती नुसती बघत राहायची. त्यामुळं आमचं बोलणं पाणी, लाकडं आणि वीज यापुढं फारसं गेलं नाही.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवली का माय? करमून राह्यलं का तुला?"

"करमतंय," मी म्हणायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ लागून राहिला, खाली दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. मोबाइलचा टॉवरही गेला. डॉक्टर खालच्या गावात अडकले. दवाखान्यात मी एकटीच, आणि तिथून परतले की खोलीत एकटी.

पाचव्या संध्याकाळी डब्यातलं शेवटचं ज्वारीचं पीठ काढलं. गावाहून आणलेलं, जुनं होऊन कडू झालेलं. भाकरी थापताना दोनदा तुटली. मी मोठ्यानं म्हणाले, "आई गं, पीठ कडू झालं बघ." पाच दिवसांत पहिल्यांदाच मराठी कानावर पडली होती, तीही माझीच. मग मला थांबताच येईना. आईच्या वतीनं उत्तरही मीच दिलं, "मंग फेकून दे ना. जल्दी भात टाक." त्यावर हसले. दवाखान्यातलं सगळं सांगत सुटले.

दारावर थाप पडली. शालीवर बर्फ घेऊन अम्मा उभी होती. तिच्या मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "वर कोण आलंय?"

"कुणी नाही."

माझ्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं. एक ताट, एक पेला. "मग बोलत कुणाशी होतीस?"

"फोनवर. आईशी."

म्हणाले आणि लक्षात आलं, मुलाचा फोन का येत नाही हे तिनं सकाळीच मला विचारलं होतं. टॉवर बंद आहे, असं मीच तिला सांगितलं होतं. इतकी लाज वाटली की तव्यावरची भाकरी जळतेय हेही कळलं नाही. अम्मानं आत येऊन गॅस बंद केला, माझं मनगट धरलं आणि मला खाली घेऊन गेली.

खाली तिची लोखंडी शेगडी पेटलेली होती. मला जवळ बसवून ती लोकर कातायला लागली आणि कातता कातता बोलायला लागली, तिच्या पहाडी बोलीत, बराच वेळ. मला 'दिल्ली' आणि 'बर्फ' एवढंच कळलं. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी मराठीत सुरू केलं. इथं मला बिलकुल करमत नाही, हे आईला कधीच न सांगितलेलं तिला सांगितलं. ती मधून मधून हुंकार देत होती. मग तिनं राजमा-भात वाढला.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी रस्ता उघडला, आणि खालच्या गावात वाट बघत थांबलेला तिचा मुलगा त्याच दुपारी गाडी घेऊन आला. उरलेली थंडी तिनं दिल्लीत काढावी म्हणून. तिला जायचं नव्हतं, हे भाषा न कळताही कळत होतं. तिनं मला लाकडं कुठं आहेत ते दाखवलं, खालच्या खोलीची किल्ली हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली.

ती परत यायच्या आतच माझ्या नोकरीची मुदत संपली. किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून मी निघाले.

आता जालन्यात, मस्तगडला राहते, इथल्याच एका दवाखान्यात काम करते. दिवसभर माणसं माझ्याशी माझ्याच भाषेत बोलतात. तरी ते सात दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. मागं एकदा तिच्या मुलाला फोन लावला. त्यानं अम्माच्या हातात दिला. मी हिंदीत विचारलं, तब्येत कशी आहे? ठीक, ती म्हणाली. तू? मीही ठीक म्हणाले. तिच्या पाठीमागं टीव्ही जोरात चालू होता. मग मुलानं फोन परत घेतला.