अडतीसवर लावलेला पंप

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिला. बेळगावात इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली आणि तिथंच नोकरीला लागलो. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. म्हणूनच पुढचंही सांगायला हवं.

निपाणीजवळ नदीकाठी आमच्या गावाचा सामाईक पंप आहे. ऑपरेटर माझे वडील, आण्णा. शिक्षण चौथी. मोटर कायम एकाच वेगानं पळायची आणि आण्णा व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी-जास्त करायचे. वीज फुकट जायची. मी कमिटीच्या मागं लागून ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलतो. पन्नास हर्ट्झची अडतीस केली की मोटर हळू फिरते आणि वीज निम्म्यावर येते.

अडतीसवर नदीकडच्या रानांना पाणी झकास मिळालं. मी तोच आकडा कायम केला आणि वर पासवर्ड टाकला, कारण आण्णा उगाच बटणं दाबत बसतील असं मला वाटलं. ड्राइव्हशिवाय मोटर चालवता येईल असा जुना स्टार्टर काढून टाकला आणि बेळगावला परतलो.

माळावरचं सगळ्यात उंच रान आत्तीचं, आण्णांच्या विधवा बहिणीचं. पावसानं उघडीप दिली होती आणि वाफ्यात तिच्या तंबाखूचा तरवा, लावणीची रोपं, बोटभर झाला होता. तिच्या पाण्याच्या पाळीला आण्णांचा फोन आला. पंप फिरतोय, वर थेंब नाही. मी स्क्रीनवरचे अँपिअर विचारले. ते नेहमीपेक्षाही कमी होते. मी खूश. म्हटलं, बघा किती बचत झाली.

"आरं, पंपाला हात लावला तर भाजतंय," आण्णा म्हणाले. "तरवा जाईल तिचा. नंबर तेवढा सांग."

"आण्णा, त्यातलं तुम्हाला न्हाय कळायचं. रविवारी येतो मी."

पासवर्डचे चार आकडे होते. फोनवर सांगता आले असते.

रविवारी गेलो तर घागरीनं पाणी घालून जगवलेले दोन वाफे हिरवे होते, बाकी सगळे करपलेले. मोटरचा वेग उतरला की पंपाचा दाब त्याहून झपाट्यानं उतरतो. माळ चढण्याइतका दाबच उरला नव्हता. पंप आतल्या आत तेच पाणी घुसळून तापवत होता. पाणी उचललंच जात नव्हतं, म्हणून अँपिअर कमी. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. मला त्यात चांगले मार्क पडले होते.

अठ्ठेचाळीसवर लावून पंप चालू केला आणि माळावर गेलो. पाटात पाणी आलं होतं. आत्ती वाळलेली रोपं उपटत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बंद कर जा," ती म्हणाली. "आता कुणाला पाजतोस?"

खाली येऊन मोटर थांबवली. आण्णा पंपघराच्या दारात उकिडवे बसले होते. पाणी पोचलं का, एवढंच त्यांनी विचारलं. पोचलं म्हणालो, आणि नंबर सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला नाही.