वीस खोटे धागे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवत आले, त्यामुळे आज तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही.

मी थळला भाड्याच्या खोलीत हातमागावर ‘दिवस’ विणते. म्हणजे काय... तर गच्चीवरचा सेन्सर दर दोन मिनिटांनी उजेड मोजतो आणि प्रत्येक आकड्याचा मी एक आडवा धागा भरते. लख्ख ऊन असेल तर जाड, ढगाळ असेल तर बारीक. बाबांना दिसत नाही. बोटांनी तरी त्यांना दिवस कळावा, एवढाच माझा हट्ट.

त्या दिवशी बाबा ते कापड हाताळायलाच येणार होते. भाऊ त्यांना मुंबईत बोटीत बसवणार, चार वाजता मांडव्याला मी उतरवून घेणार. आणि नेमके आदल्या दिवशीचे, दुपारी दोन दहानंतरच्या चाळीस मिनिटांचे आकडेच नव्हते – सेन्सरची बॅटरी गेलेली. खरं तर अशी जागा मोकळी सोडायची असते. पण बाबांच्या बोटांना भोक लागेल म्हणून मी दोन दहाचाच आकडा वीस वेळा भरला. चक्क लबाडी!

निघायला उठले. कडी निघाली, दार हलेना. मोबाइलवर दोन दहा. धक्के मारले, ओरडले, बाबांना फोन लावला तर लागेना... खिडकीतून घरमालकीण जनीमावशी अंगणात जवळा निवडताना दिसत होती, पण मान वर करेना. बऱ्याच वेळाने मोबाइल पाहिला – दोन दहा! भिंतीवरचं ऊनही तसूभर सरकलं नव्हतं. बाबा जेट्टीवर एकटे उभे राहतील या विचाराने मला रडूच फुटलं.

दोन दहा... हाच आकडा तर मी भरला होता. वेड्यासारखी मागावर बसले आणि ते वीस धागे उसवत सुटले. शेवटचा ओढला – आणि खोलीत एकदम तिन्हीसांज. दार सताड उघडं.

“अगो बाय, कुठं व्हतीस?” मावशी दारातच उभी. “कवापासून हाका मारतंय. दार उघडं हाय नि आत कोन न्हाय!”

सात वाजले होते. रिक्षाने मांडवा गाठलं. बाबा बाकावर काठी धरून बसले होते. मी त्यांच्या गळ्यातच पडले, पण ते शांत.

“अगं, मी पाच-सहा फोन केले की. दर वेळी तू उचललास. ‘निघालेच, बाबा’ म्हणालीस.” मग म्हणाले, “फक्त... दर वेळी अगदी तश्शीच म्हणालीस.”

त्यांच्या मोबाइलवर ते सगळे कॉल आहेत. माझ्या मोबाइलवर एकही नाही, आणि फोन तर सबंध वेळ माझ्या हातात होता. कोण बोललं, कसं बोललं... मला आजही माहीत नाही. आता मी फोनवर ‘निघालेच’ म्हटलं, की बाबा आधी विचारतात, “तूच ना गं?”