विंगेतले विष्णुपंत

सावेडीचे विष्णुपंत पोलीस ट्रेनिंग स्कूलच्या आस्थापना शाखेत कारकून होते. स्कूलचं वार्षिक नाटक बसलं, की विंगेत स्टूल टाकून, हातात बॅटरी धरून प्रॉम्प्टिंग करायचं काम त्यांचंच. सव्वीस वर्षं त्यांनी हवालदारांना अन् शिकाऊ पोरांना वाक्यं पुरवली. प्रत्येक नाटक तोंडपाठ.

स्वतः रंगमंचावर मात्र एकदाच गेले. नायक ऐनवेळी तापानं फणफणला आणि प्राचार्यसाहेबांनी यांना उभं केलं. पडदा वर गेला, समोर चारशे चेहरे दिसले, अन् पंत मागल्या दारानं जे निघाले ते थेट घरी. नाटक बंद पडलं. मुलीला, मैत्रेयीला, ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती.

पुढे स्कूल दुसरीकडे हललं, तिथल्या जुन्या थिएटरला कुलूप लागलं. गेल्या मार्चमध्ये इमारत पाडण्याआधीची पाहणी नेमकी मैत्रेयीकडे आली. ती बांधकाम खात्यात इंजिनिअर. "बाबा, आतलं तुम्हालाच ठाऊक. चला," म्हणाली.

रखवालदार सुनीलनं मागचं दार उघडलं. मैत्रेयी तिथल्याच भिंतीच्या भेगा मोजू लागली. पंत मात्र पारव्यांच्या घाणीतून वाट काढत विंगेत गेले, तिथून चार पावलं पुढे रंगमंचावर, आणि बॅटरीचा झोत समोर टाकला.

हॉल भरलेला होता.

रांगेनं माणसं बसली होती. काळी, ताठ. एकही हलत नव्हतं. पंतांच्या हातून बॅटरी निसटली. ते तिथंच फळ्यांवर धपकन बसले.

"बाबा!" मैत्रेयी धावत आली. सुनीलनं बाजूचा दरवाजा ढकलला. उजेड आला तेव्हा कळलं, ते चांदमारीचे, नेमबाजीच्या सरावाचे पुतळे होते. माणसाच्या आकाराच्या लाकडी फळ्या, छातीवर गोळ्यांची भोकं. दर खुर्चीत एक.

"मीच बशिवलेत, पंत," सुनील ओशाळला. "स्कूलनं मागं टाकलेले. खाली ठिवले की लई वाळवी लागती. सांगायचं राहून गेलं बगा."

"पण एवढं घाबरायला काय झालं?" मैत्रेयीनं पाणी देत विचारलं. घोटभर पाणी पिऊन पंतांनी, आपण ज्यातून पळालो त्या प्रयोगाची हकिकत सांगितली. ती ऐकतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आज म्हणा की ती वाक्यं. कोण हसणार आहे?"

पंत उठले. सदरा झटकला. त्या नाटकातली पहिली तीन वाक्यं खणखणीत आली. चौथं येईना. त्यांनी विंगेकडे पाहिलं, तिथं वाक्य पुरवायला कुणी नव्हतं; पुन्हा समोर पाहिलं. डोकं कोरं.

"पुढं काय वो?" सुनीलनं विचारलं.

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. पुतळे पाहून जेवढे हादरले नव्हते, तेवढे आता हादरले. "आठवत नाही," एवढंच म्हणाले.

स्कूटरवर मागे बसून सावेडीपर्यंत ते पहिली तीन वाक्यंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. घरी पत्नीनं, शोभाताईंनी, चहा पुढ्यात ठेवला, तो निवला, तरी त्यांचे ओठ हलतच होते.

मे महिन्यात इमारत पाडली. ते वाक्य त्यांना अजून आठवलेलं नाही.