बिनसाथीची फिडल

मेहरबीला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण नवऱ्याचा हात फिडलीवर कुठं अडणार, हे तिला चुलीपाशी बसूनही कळायचं.

कारंज्याच्या पिंजारी गल्लीत त्यांचं घर. तय्यब दिवसभर कापूस पिंजायचा, ती गाद्या-रजयांना टाके घालायची. दिवेलागणीला तो केसांतला कापूस झटकायचा, हात धुवायचा आणि फिडल काढायचा. लग्नाआधी तो अमरावतीच्या थेटरात मूकपटांमागं वाजवत असे. तिथल्या गोव्याकडच्या मास्तरानं त्याला एक विलायती चीज शिकवली होती. एकट्या फिडलीची. ना तबला, ना पेटी. एका गजानं दोन-दोन तारा बोलत्या करायच्या, गज चालू असतानाच डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडायची, आणि मध्येच सुरांची अशी सरसर चढण की मेहरबी तिला मनात ‘जिना’ म्हणायची. पुढं बोलपट आले, वाजवणाऱ्यांची गरज सरली आणि तय्यब बापाच्या पिंजणीपाशी येऊन बसला. चीज मात्र सुटली नाही. वरच्या पायऱ्यांवर करंगळी घसरायची, तो थांबायचा आणि पुन्हा खालून सुरू करायचा. सासू गेली, लेकी नांदायला गेल्या, तरी जिना काही चढून होत नव्हता.

त्या हिवाळ्यात वाचनालयाचे चिटणीस रामराव गादी भरून घ्यायला आले. आतून फिडल ऐकून ते ओट्यावरच थबकले.

“तय्यबभाई, वार्षिक समारंभात वाजवसान का? तबल्याची सोय मी करतो.”

“तबला नाई लागत, रामरावजी. हे एकट्यानंच वाजवा लागते.”

रामराव गेल्यावर मेहरबी म्हणाली, “नाई म्हना. रजयांचा हंगाम हाये. दिवसभर ठोकून ठोकून हात दगड होते तुमचा.”

“साथीले कोनी असलं का चूक झाकल्या जाते,” तो म्हणाला. “यात झाकाले जागाच नाई. म्हनून तर एकदा लोकांसमोर वाजवून पाहाचं हाये मले.”

तिला वाद घालायचाही कंटाळा आला होता. महिनाभर ती त्याच्या खांद्याला कोमट तेल चोळत राहिली. चोळता चोळता तिचीच बोटं आखडायची, कारण दिवसभर सुई तिनंही धरलेली असायची.

समारंभ रविवारी दुपारी होता. रुईचे व्यापारी, मास्तर मंडळी, बाजूला बायका. मेहरबी खांबाला टेकून बसली. तय्यब उभा राहिला. एवढ्या मोठ्या सतरंजीवर तो एकटा माणूस तिला फार बारीक दिसला.

सुरुवात बरी झाली. डाव्या बोटांनी तारा छेडल्या तेव्हा पुढची माणसं माना उंचावून बघू लागली. मग जिना आला. मेहरबीनं डोळे मिटले. सूर चढत गेले, घसरायची जागा आली आणि मागं पडली. तो वर पोचला होता! तिनं डोळे उघडले. आता उरला होता तो संथ तुकडा. घरी तर तो हा तुकडा झोपेतही वाजवेल असा वाजवायचा.

तिथंच हात गेला. करंगळीत वांब आला, बोट वाकडं होऊन तारेवर अडकलं. गज किरकिरला. तय्यबनं हात खाली सोडून झटकला, पुन्हा गज लावला; बोट सरळ होईना. तो थांबला, तसं लोकांना वाटलं संपलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

“अजून हाये,” तो म्हणाला. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. रामराव हार घेऊन पुढं आले. त्यानं मान वाकवली.

समारंभ संपल्यावर दोघं घराकडं निघाले.

“जिना चढले तुमी,” मेहरबी म्हणाली.

“कोनता जिना?”

तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो क्षणभर थांबून हसला. “चढलो खरा. पन सारी ताकद तिथंच सरली. मास्तर म्हने, कठीण जागेची फिकीर करू नको, तिच्यामागून येते तिची कर. मले तवा समजलंच नाई.”

“अजून ऐकतच हाये मी. वाजवसान तं वाजवा.” हे म्हणताना तिला कोण थकवा आला होता.

“तू थकली.”

“थकली. तुमी नाई थकले?”

“मी बी,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पिंजण पुन्हा सुरू झाली. लग्नसराईच्या गाद्या पडल्या होत्या. तय्यब फिडल काढी ती शुक्रवारी दुपारी, शेजारच्या बदरुन्निसाआपांना आवडणारी साधी गाणी वाजवायला. विलायती चीज त्यानं पुन्हा धरली नाही. मेहरबीला हायसं वाटलं. त्याला वाईट वाटत असेल म्हणून ती काही दिवस त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. पण तो जेवून लवकर आडवा व्हायचा आणि पडल्या पडल्या घोरू लागायचा. मग तिनंही बघणं सोडलं.