जाळ्यातलं भोक

किनाऱ्यावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता कलादालन झालंय. तिथे माझ्या मुलीने आमचं फाटकं जाळं छताला टांगलं होतं आणि शहरातली मंडळी त्यापुढे माना डोलवत होती. मी वैतागलो. आमच्यात फाटलेलं जाळं कुणी असं मिरवत नाही. न राहवून मी भोक विणून बुजवायला घेतलं.

"बाबा, ते भोकच तर माझं काम आहे," ती म्हणाली. "तुम्हाला फाटलेलं काही बघवतच नाही. आई गेली तेव्हा मला रडूसुद्धा दिलं नाहीत."

खरंच आहे. तू रडलीस तर मीही रडेन, ही भीती होती, हे तिला आज पहिल्यांदा सांगितलं. मग चरफडत मी माझ्याच गाठी सोडवायला बसलो. आमच्या हातची गाठ सहजासहजी सुटत नाही. तीही शेजारी बसली.