ओठ हलवू नका

"माई, थोडा वेळ थांबा. आत्ता वर जाऊ नका."

"अरे, नागलीचे पापड आहेत हे. ऊन गेल्यावर काय तुझ्या कॉम्प्युटरवर वाळत घालू?"

"परीक्षा चालू आहे आत. आवाज गेला तर रद्द करतील."

"आवाज माझा, परीक्षा तिची. रद्द कशी काय करतील?"

माई म्हणजे जव्हारमधल्या आमच्या ऑफिसच्या घरमालकीण. गच्चीचा जिना आमच्या दारातूनच वर जातो. शेवटी त्या टोपली मांडीवर घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. बंद दाराआड वनिता परीक्षा देत होती.

वनिता आमच्या साखरशेतची, शेजारच्या पाड्यावरची. माझ्या रविवारच्या वर्गात दोन वर्षं शिकत होती. परीक्षा होती नेटवर्किंगच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेशनची. आमच्या धंद्याबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. सर्टिफिकेशन म्हणजे डिग्री नव्हे. एखाद्या विषयातलं काम तुम्हाला येतं, असं सांगणारी ती एक खासगी परीक्षा असते. कॉलेज कुठलं, मार्क किती, कोणी विचारत नाही. मी स्वतः जव्हारमधून बी.ए. झालो आणि ठाण्यात केबल ओढण्याच्या कामाला लागलो. भिंतीला भोकं पाडायचो. पहिलं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा ड्रिल मशीन खाली ठेवून हेल्पडेस्कच्या खुर्चीवर बसलो. दुसऱ्यानंतर नेटवर्क इंजिनिअर झालो. आज जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या कार्यालयांची इंटरनेट लिंक सांभाळणाऱ्या टीमचा लीड आहे. आमच्याकडच्या पोरांना वर चढायला दुसरा जिना मला माहीत नव्हता. म्हणून मी वर्ग सुरू केला.

मोखाड्याच्या साइटवर फील्ड इंजिनिअरची एक जागा होती. ठाण्याहून पाठवलेली मुलं तिथे टिकत नसत. पावसाळ्यात घाटात दरड आली की त्यांना घर आठवायचं. वनिता तिथे ट्रेनी म्हणून काम करत होती आणि काम चांगलं करत होती. पण क्लायंटच्या करारात अट होती, की कायम इंजिनिअरकडे सर्टिफिकेट हवंच. ठाण्यातले आमचे प्रोजेक्ट मॅनेजर प्रधान साहेब यांनी मला मुदत दिली होती. मार्च एंड. तोवर सर्टिफिकेट आलं तर जागा वनिताची. नाहीतर नवीन करारात ट्रेनीची पोस्टच नव्हती. वनिताचा भाऊ दिवाळीनंतर भिवंडीला गोडाऊनमध्ये गेला होता. तिच्यासाठीही तिथे पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं.

ही परीक्षा दोन प्रकारे देता येते. नाशिक किंवा ठाण्याच्या सेंटरवर जाऊन, नाहीतर आपल्याच जागेत बसून ऑनलाइन. ऑनलाइन परीक्षेत प्रॉक्टर असतो, म्हणजे कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवणारा पर्यवेक्षक. तो कुठल्या देशात बसला आहे तेही आपल्याला कळत नाही. मार्चमध्ये काम खूप होतं. वनिता दिवसभर नाशिकला गेली तर मोखाड्याला दुसरं माणूस द्यावं लागलं असतं. मी ऑनलाइन निवडलं. तिचा फॉर्म मीच भरला.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही असं मला वाटत होतं. इन्व्हर्टर तपासला. दुसऱ्या कंपनीची लिंक बॅकअपला ठेवली. भिंतीवरचा फळा कापडाने झाकला. टेबलावर फक्त लॅपटॉप. आणि दारात मी.

दाराआडून बारीक पुटपुट ऐकू येत होती. "हा पाडा येगला, तो पाडा येगला. मधी वाट कोन दाखवील?"

मला आनंद झाला. ही माझीच पद्धत होती. एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये जायला राउटर लागतो. स्विच फक्त आपल्या पाड्यातली घरं ओळखतो. पाड्याबाहेरची वाट राउटरला माहीत असते. आमच्या पोरांची घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी आणि परीक्षा इंग्रजीत. म्हणून वर्गात माझा नियम होता, की प्रश्न आधी मोठ्याने वाचायचा, मग मराठीत सांगायचा, मग घरच्या बोलीत. तोंडातून गेल्याशिवाय डोक्यात जात नाही, असं मी दर रविवारी सांगायचो. आश्रमशाळेत आम्ही सगळेच घोकून शिकलो. रविवारी माझ्या वर्गाबाहेरून जाणाऱ्याला बाजार भरल्यासारखं वाटायचं.

"पोर मंत्र म्हणते काय रे?" माईंनी विचारलं.

"नाही माई, उत्तर शोधतेय," मी अभिमानाने म्हटलं.

मग पुटपुट थांबली. थोड्या वेळाने परत सुरू झाली. परत थांबली. दार उघडलं. परीक्षेची वेळ अजून बरीच शिल्लक होती.

"बंद केली त्यांनी," वनिता म्हणाली.

"लिंक गेली?"

"नाय सर. चॅटवर मेसेज आला, ओठ हलवू नका. मी थांबले. पण मग प्रश्नच कळेना. परत हलले. दुसऱ्या वेळी वॉर्निंग दिली. तिसऱ्या वेळी स्क्रीनच गेली."

प्रॉक्टरच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. उमेदवार मोठ्याने प्रश्न वाचतो, खोलीत लपलेला कोणीतरी ऐकतो, किंवा प्रश्न रेकॉर्ड होऊन बाहेर जातात. असले प्रकार होतात. त्याला साखरशेतची बोली कुठून कळणार?

"चूक माझीच," वनिता म्हणाली. "ते सांगत होते तरी मला जमलं नाय."

इथेच मी खरा चुकलो. तिला ही सवय मी लावली होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "असू दे, बघू काहीतरी." ती माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन स्टँडकडे गेली. माई पापड घेऊन वर गेल्या.

संध्याकाळी प्रधान साहेबांचा फोन आला.

"काय झालं? पास?"

"टेक्निकल इश्यू झाला, सर."

"तुमच्याकडे? तुम्ही तर दोन-दोन लिंक लावल्या होत्या."

"हो सर. म्हणजे, त्यांच्या बाजूने..."

"बघा. माझ्याकडे एक मुलगा आहे, सर्टिफाइड. मोखाड्याला जायला तयार आहे."

"मार्च एंडपर्यंत थांबा, सर."

फोन ठेवल्यावर मी परीक्षेचे नियम उघडले. भरपूर पानं होती. तोंडाने वाचू नये, ओठ हलवू नयेत, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या पानांखाली 'मी वाचले आहे, मला मान्य आहे' असा चौकोन असतो. तिच्या वतीने त्यावर टिक मी केली होती. वाचलं नव्हतं. आमच्या धंद्यात आम्ही दिवसभर असल्या टिका करतो, बोट आपोआप जातं. माझ्या स्वतःच्या सगळ्या परीक्षा सेंटरवर झालेल्या. ऑनलाइन परीक्षेला मी कधी बसलोच नव्हतो. वनिताला मात्र बसवलं.

आठवडा मी असाच काढला. वनिता साइटवर येत होती, फोनवर कामापुरतं बोलत होती. ती गप्प झाली आहे हे मला जाणवत होतं आणि मी ते न जाणवल्यासारखं करत होतो. शेवटी सुट्टीच्या दिवशी साखरशेतला गेलो. तिची आई अंगणात मोहाची फुलं पसरत होती.

"ये भाऊ. बरा आलास. जरा समजाव तिला," ती म्हणाली. "ती तं मुकीच झाली. जेवताना पन बोलत नाय. मी काय इचारला तं मान हलवते."

"का?"

"तोंड बंद ठेवाची सवय करते म्हने. परीक्षेसाठी."

वनिता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. घरी ती मला काका म्हणते. आल्याआल्या मात्र काहीच म्हणाली नाही. तांब्या ठेवून उभी राहिली.

"वनिता, चूक तुझी नव्हती," मी म्हटलं. "मोठ्याने बोलायची सवय मी लावली. परीक्षेत ते चालत नाही, असं नियमांत लिहिलंय. मी नियम न वाचता टिक केली."

ती पहिल्यांदा बोलली.

"हे तुम्हाला कधी कळलं, काका?"

"सवयीचं त्याच दिवशी. नियमांचं संध्याकाळी."

"आणि मी स्टँडवर रडत बसलेली."

"हो."

"साहेबांना सांगितलं?"

"नाही. टेक्निकल इश्यू सांगितलं."

"म्हणजे माझ्या नावावर नापास, आणि तुमच्या नावावर काहीच नाय."

तिची आई फुलं पसरायची थांबली होती. तिला सगळं कळलं नसावं, पण सूर कळला होता.

"परत कधी बसता येईल?" वनिताने विचारलं.

"मार्च एंडच्या आधी नाशिकच्या सेंटरवर एक तारीख आहे. पण तिथेही पुटपुटून चालणार नाही. शेजारी दुसरे उमेदवार असतात."

"मग ती तारीख घ्या. आणि साहेबांना आत्ता फोन लावा. माझ्यासमोर."

रेंज फक्त विहिरीकडच्या चढावर येते. आम्ही तिघंही तिथे गेलो. मी फोन लावला.

"सर, त्या दिवशी टेक्निकल इश्यू नव्हता. माझा इश्यू होता." मी सगळं सांगितलं.

प्रधान साहेब म्हणाले, "हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी त्या मुलाला शब्द दिला नसता. आता त्याला सांगू काय?"

"मार्च एंडची मुदत तुम्हीच दिली होती, सर."

"एकच चान्स आहे. नापास झाली तर मला परत फोन करू नका."

चढ उतरताना वनिता म्हणाली, "सांगणं सोपं आहे, ओठ हलवू नका. पण मी बोलले नाय तर प्रश्न माझा होतच नाय. तो त्यांचाच राहतो."

"तोंडात पानी धरून बस," तिची आई म्हणाली. "मंग कशी बोलतेस ती बघू."

तिने टोमणा मारला होता. आम्ही दुसऱ्या दिवसापासून तेच केलं.

मोखाड्याचं काम संपलं की वनिता जव्हारला यायची. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि सराव परीक्षा सोडवायची. बोलायला गेली की पाणी गिळलं जायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आलं आणि माझ्या कीबोर्डची आंघोळ झाली. तो कीबोर्ड नंतर चाललाच नाही. मार्क तर पार खाली आले. ज्या प्रश्नांची उत्तरं ती झोपेतून उठून देईल, तेही चुकायला लागले.

"हे नाय जमणार, सर," तिने एकदा पाणी खिडकीबाहेर टाकून सांगितलं.

"जमेल की नाही ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मोठ्याने बोलल्याशिवाय कसं शिकायचं, हे मी कोणाला कधी शिकवलंच नव्हतं.

मग मी या वेळचे नियम पहिल्या ओळीपासून वाचले. सेंटरवर पुसता येणारी पाटी आणि मार्कर देतात, असं त्यात होतं. मी वनिताला तसलीच पाटी आणून दिली. म्हटलं, बोलायचं ते काढ. ती काढू लागली. पाड्यासाठी गोल, घरांसाठी ठिपके, वाटेसाठी रेघ. जिथे वाट तुटली तिथे फुली. पहिल्यांदा वेळ पुरेना. मग चित्रं लहान होत गेली. काही दिवसांनी ती नुसतीच रेघ ओढायची आणि उत्तरावर क्लिक करायची. मार्क आधीच्या जागी आले, मग थोडे वर गेले. पाण्याचा घोट तोंडातच आहे, हे एकदा तिच्या लक्षातही राहिलं नाही. सराव परीक्षा संपल्यावर तिने मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि दुसरा कीबोर्डही भिजला. पण तो चालला.

नाशिकला आम्ही एसटीने गेलो. मोखाड्याला त्या दिवशी मी दुसरा माणूस दिला. हे पहिल्या वेळीच करता आलं असतं. सेंटरखालच्या चहाच्या टपरीवर मी बसून राहिलो. वर ती पुटपुटतेय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

वनिता खाली आली तेव्हा हातात एक छापील कागद होता. तिने तो माझ्यासमोर धरला. पास. काठावरच, पण पास.

"बोललीस का आत?" मी विचारलं.

"एकदा. राउटरच्या प्रश्नाला. बाजूच्या बाईने बघितलं, मी खोकल्यासारखं केलं."

तिथूनच प्रधान साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "ओके. जॉइनिंग एक तारखेपासून." बाकी काही नाही. त्या दुसऱ्या सर्टिफाइड मुलाला त्यांनी वाड्याच्या साइटवर जागा दिली, असं नंतर कळलं. वनिता आता मोखाड्याला आहे. पुढच्या सर्टिफिकेशनचा फॉर्म तिने स्वतः भरला. नियम वाचायला तिला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्यातल्या दोन मुद्द्यांवर तिने मला प्रश्न विचारले, मला उत्तरं आली नाहीत.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. आमचं काम नीट चालतं.

वर्गातला नियम मी बदलला. सुरुवातीला अजूनही मोठ्यानेच. परीक्षा जवळ आली की पाटी. आणि एक नियम स्वतःसाठी केला. ज्या परीक्षेला पोरं पाठवायची, तिला त्याच पद्धतीने आधी आपण बसायचं. गेल्या महिन्यात क्लाऊडच्या एका परीक्षेला मी ऑनलाइन बसलो. ओठ हलवले नाहीत, कोणाला आत येऊ दिलं नाही, सगळे नियम पाळले. नापास झालो. रविवारी वर्गात सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि कुठले प्रश्न चुकले ते विचारायला लागली. वर्ग लांबला.